बॉम्बे स्ट्रीटची घरे



उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात एका गल्लीचे नाव 'बॉम्बे स्ट्रीट' आहे. जवळच काश्मीर रोड, लखनौ स्ट्रीट. ब्रिटिश साम्राज्याच्या काळातली ही नावे. राहणारे मात्र गरीब कामगार, कॅथलिक. शेजारीच रेडेम्प्टोरिस्ट संघाचा क्लोनार्ड मठ. १५ ऑगस्ट १९६९ रोजी, पवित्र मरीयेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, पलीकडच्या प्रोटेस्टंट वस्तीतून आलेल्या जमावाने ही गल्ली पेटवली. त्या उन्हाळ्यात शहरातील सुमारे १,८०० कुटुंबांना घर सोडावे लागले. त्यांत बहुसंख्य कॅथलिक होती, पण प्रोटेस्टंटही होती, हे आपण विसरू नये. मग लष्कराने दोन वस्त्यांमध्ये काटेरी तारा ताणल्या. 'तात्पुरत्या' असे सांगण्यात आले. तिथे आज काँक्रीट आणि पोलादाची उंच भिंत आहे.

नेहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आपण सहसा गाळतो. नुसती नावांची यादी वाटते. पण नावे पाहा. यरुशलेमचा मोडका कोट कुणी बांधला? सोनारांनी, सुगंधी द्रव्ये करणाऱ्यांनी. शल्लूम आपल्या मुलींना घेऊन आला. अनेकांनी आपल्याच घरासमोरचा भाग उचलला, याजकांनीसुद्धा. तकोवाच्या प्रतिष्ठितांनी मात्र कामाला खांदा दिला नाही. (प्रतिष्ठित मंडळी तेव्हाही तशीच होती!)

बॉम्बे स्ट्रीटच्या रहिवाशांनी हेच केले. सरकारी योजनेची वाट न पाहता त्यांनी स्वतःची गृहनिर्माण संस्था काढली आणि श्रमदानाने घरे पुन्हा उभी केली. लहान समूहाला जे जमते ते मोठ्या सत्तेने त्याच्या हातून काढून घेऊ नये, असे पोप पायस अकरावे यांनी १९३१ च्या परिपत्रकात शिकवले. ती शिकवण इथे विटा-चुन्यात दिसते.

तरी खरे तेच सांगावे. त्या घरांच्या परसांवर लोखंडी जाळीचे पिंजरे आहेत, कारण भिंतीपलीकडून दगड-बाटल्या येत. घर बांधता येते. शेजारी परत मिळवणे अवघड. क्लोनार्डच्या धर्मगुरूंनी तेही काम अंगावर घेतले. फादर अॅलेक रीड यांनी, ज्यांच्याशी कुणी बोलायला तयार नव्हते त्यांच्याशी वर्षानुवर्षे गुप्तपणे संवाद ठेवला. १० एप्रिल १९९८ च्या 'गुड फ्रायडे' कराराची वाट त्यातून मोकळी झाली. फादर जेरी रेनल्ड्स यांच्यामुळे साधे भाविक रविवारी प्रोटेस्टंट मंदिरांत उपासनेला जाऊ लागले. ज्या वस्तीतून आग आली, त्याच वस्तीत जाऊन बाकावर बसायचे! करारावर सही करण्यापेक्षा हे सोपे होते, असे आम्हांला वाटत नाही.

२०१६ मध्ये क्रमलिन रोडवरची एक भिंत पाडली गेली, तीही लगतच्या रहिवाशांशी दीर्घ बोलणी झाल्यावर. सर्व भिंती २०२३ पर्यंत काढण्याचे सरकारने ठरवले होते. ते वर्ष सरले, अनेक भिंती तशाच आहेत. भिंतीलगत झोपणाऱ्या आईची भीती कार्यालयातल्या तारखेने जात नाही.

१९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतही मोहल्ला समित्यांमधून हिंदू-मुसलमान शेजारी पुन्हा एकत्र बसले. आपल्या धर्मग्रामातही बोलणे तुटलेली घरे आहेत, ती कोणती हे आपल्याला ठाऊक आहे. आज श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत बेलफास्टच्या दोन्ही वस्त्यांसाठी प्रार्थना करू, आणि त्यांच्यासोबत त्या घरांसाठीही, मनातल्या मनात नाव घेऊन.