उरलेले तुकडे कोणी वेचावेत?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सप्तापुरातल्या एका घरी प्रार्थनासभा होती. तीसेक माणसे जमली होती. वचनाचा भाग होता पाच भाकरींचा. प्रार्थना आटोपली, चहापोहे झाले, आणि दारामागे कागदी पेल्यांची व ताटल्यांची मोठी पिशवी भरली. शब्बाथशाळेतल्या एका मुलाने विचारले, "बाई, हे कोणत्या टोपलीत घालायचे?" सारे हसले. मला मात्र उत्तर सुचेना.

प्रियांनो, पाच हजारांना तृप्त केल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले (योहान ६:१२). ज्याच्या हातून भाकरी वाढत गेली, त्याला तुकड्यांची काय गरज? तरी त्याने काही वाया जाऊ दिले नाही. तेव्हा काटकसर ही केवळ गरिबीतली अडचण नव्हे. भरपूर असतानाही देवाच्या देणगीचा मान राखण्याची ती रीत आहे.

आमच्या पेल्यांचे काय झाले? कागदी पेल्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. त्यामुळे तो धड कुजत नाही, आणि त्याचा पुन्हा कागदही सहज होत नाही. धारवाडचा कचरा वर्षानुवर्षे होसयल्लापूरच्या ढिगावर पडत आला. म्हणजे आपण फेकतो ती वस्तू नाहीशी होत नाही. आपल्या दारातून दुसऱ्याच्या दारात जाते. तिथे राहणारा, तो कचरा हाताने निवडणारा, आपला शेजारी नव्हे काय? १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे देशभर बंद झाले. आपण कागदाकडे वळलो, पण सवय तीच राहिली. कायदा वस्तू बदलू शकतो, मन नाही.

येथे जे. सी. कुमारप्पा (१८९२–१९६०) यांची आठवण होते. तंजावरच्या ख्रिस्ती घराण्यातला हा गृहस्थ मुंबईत हिशेबतपासनीस होता, राहणी साहेबी. १९२९ साली गांधीजींची भेट झाली आणि आयुष्याची दिशा पालटली. १९३४ पासून वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघात त्यांनी घाणीचे तेल, हातकागद अशा उद्योगांसाठी देह झिजवला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन ग्रंथ लिहिले: एक येशूच्या शिकवणीवर, दुसरा टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. दोन्हींचे मूळ एकच श्रद्धा. वस्तू कशा रीतीने तयार झाली याची जबाबदारी विकत घेणाऱ्यावरही येते, असे ते सांगत. मग ती टाकल्यावर कोणाच्या माथी जाते, याची जबाबदारी टाकणाऱ्यावर नाही काय?

पुढच्या सभेला स्टीलचे पेले वापरावेत, असे मी सुचवले. एक वृद्ध मावशी म्हणाल्या, "आणा की! पण घासणार कोण? आम्हीच ना?"

हा प्रश्न माझ्या सूचनेपेक्षा मोठा होता. आपला साधेपणा जर घरच्या बायांच्या किंवा मोलकरणीच्या कंबरेवर उभा असेल, तर तो आपला त्याग नव्हे, त्यांचा आहे. तसेच, ज्याच्या घरी चूल जेमतेम पेटते त्याला साधेपणाचा उपदेश करणे हेही पाप आहे. साधेपणा ज्याच्यापाशी निवड आहे त्याने पत्करावा, आणि त्याचे कष्ट स्वतः उचलावेत. प्रभूने तुकडे वेचायला आपल्या बाराजणांनाच पाठवले, आणि पाय धुण्याचे काम तर स्वतः केले (योहान १३).

पुढच्या सभेनंतर पाळकसाहेब बाह्या सरसावून मोरीवर बसले, तरुण मुले शेजारी बसली, आणि दोन बादल्या पाण्यात सारे पेले निघाले. मावशी खुर्चीवर बसून पाहत होत्या.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, या रविवारी मुलांना एवढेच सांगा: घरच्या केराच्या डब्यात पाहा, आणि प्रत्येक वस्तूविषयी दोन प्रश्न विचारा. हिची गरज होती काय? हिला आता कोण उचलणार? मोठ्यांनीही त्यांच्याबरोबर पाहावे. देव आपणास पुरे म्हणण्याची बुद्धी देवो, आणि वेचण्यासाठी वाकण्याची नम्रताही देवो.