लालबागच्या खडकावर बसून

सकाळी सहाला बंगळूरचं लालबाग उघडतं. फिरायला येणाऱ्यांची गर्दी वाढण्याआधी टेकडीवर चढा. शहर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या बुरुजापासून जरा बाजूला, मोकळ्या खडकावर बसा. चपला काढून ठेवा. तळवा दगडावर टेका आणि तसाच राहू द्या.

गार लागेल. हा खडक साधारण 3 अब्ज वर्षांचा आहे. श्वास हळू सोडा. घाई कसलीच नाही, त्याला तर नाहीच.

या दगडानं इथल्या माणसाला घर दिलं. खडकावर जाळ करून तो तापवायचा, मग त्याचा पापुद्रा सुटतो. बंगळूरच्या आसपासच्या खेड्यांत असे लांबरुंद चिरे उभे करून भिंती केल्या, आडवे टाकून छप्पर केलं. जमीन हलत नव्हती, मग घरानं तरी का हलावं?

आता डोळे मिटा आणि कुलूच्या खोऱ्यात, नग्गरला चला. हिमालय त्या मानानं कालचं पोर. पाचएक कोटी वर्षांपूर्वी उठू लागला, अजून उठतोच आहे. तिथली भिंत मनानं जवळून पाहा. देवदाराचे दोन वासे समांतर, मध्ये दगडांची भर, वर दगडाचा थर, पुन्हा वासे. कोपऱ्यात लाकडावर लाकूड बसवलेलं. हीच काठ-कुणी. काठ म्हणजे लाकूड, कुणी म्हणजे कोपरा. आपल्या ‘काष्ठ’ आणि ‘कोना’ची भावंडंच की! थरांमध्ये चुना नाही, माती नाही. जमीन हादरली की दगड जागच्या जागी किंचित सरकतात, वासे त्यांना धरून ठेवतात.

इथे थोडं थांबा. 4 एप्रिल 1905 ला शेजारच्या कांगड्याचा भूकंप झाला, सुमारे 20 हजार माणसं गेली. नग्गरचा राजवाडा याच बांधणीचा. तो उभा राहिला.

हल्ली तिथेही सिमेंटची घरं उठतात आणि इथेही. दोन्हीकडची भिंत एकसारखी. मला हे खटकतं. थरथरणाऱ्या डोंगराला आणि निश्चल पठाराला एकच घर कसं चालेल?

डोळे उघडा. तळवा उचला, आता तिथला दगड थोडा कोमट झाला असेल. कधी नग्गरला गेलात तर दोन थरांमधल्या फटीवरून बोट फिरवून पाहा. चुना लागणार नाही.