साहस आणि शिदोरी

रानांत चार दिवस मुक्कामास जाणाऱ्यानें प्रवासाची आंखणी किती करावी, हा प्रश्न वरकरणीं सोयीचा दिसतो. आम्हांस तो नीतीचाही वाटतो. कॅनडांतील ॲल्गॉन्क्विन हें राखीव अरण्य १८९३ सालीं स्थापन झालें. तेथें लोक होडींतून एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जातात, आणि मध्यें जमीन लागली कीं होडी डोक्यावर घेऊन चालूं लागतात. परंतु कोणत्या रात्रीं कोणत्या तळ्याकांठीं उतरणार, हें आधीं ठरवून परवाना काढावा लागतो. खाद्यपेयांचे टाकाऊ डबे व बाटल्या नेण्यास मनाई असते. मोकळें होण्यासाठीं अर्ज करावयाचा, हें ऐकून आमच्याकडील तरुण हंसतो. तो शनिवारीं सायंकाळीं लोणावळ्यास उतरतो, पाठीवर पिशवी टाकतो व राजमाचीची वाट धरतो. त्याला हटकलें, तर उत्तर तयार असतें : जीव माझा, जोखीम माझी.

हें उत्तर हलकें नाहीं. जॉन स्टुअर्ट मिल्लनें १८५९ सालीं स्वातंत्र्यावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा आधार त्याला देतां येईल. ज्या कृत्याचा परिणाम कर्त्यापुरताच राहतो, तेथें समाजानें हात घालूं नये, हें मिल्लचें म्हणणें. तें आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें शिकवीत आलों आणि आजही मान्य करितों. प्रश्न एवढाच कीं, रानांत जाणें हें अशा कृत्यांत मोडतें काय? मावळचा पाऊस ज्यानें पाहिला आहे त्याला ठाऊक असतें कीं, सकाळीं घोटाभर असलेला ओढा दुपारीं कमरेस लागतो, आणि धुकें उतरलें म्हणजे दहा हातांवरचा कडाही दिसत नाहीं. ३० जून २०२४ रोजीं भुशी धरणानजीकच्या धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. त्या दुर्दैवी माणसांस बोल लावण्याचें आमच्या मनांत नाहीं; घटकाभराच्या सहलीस आलेल्यांनीं त्या पाण्याचा स्वभाव काय ओळखावा? आम्हांस दाखवावयाचें आहे तें निराळें. त्यांच्या शोधासाठीं दुसरीं माणसें त्याच पाण्यांत उतरलीं. लोणावळ्यांतील ‘शिवदुर्ग’सारख्या संस्थेचीं मुलें हातचें काम टाकून रात्रीं-अपरात्रीं दोर घेऊन दरींत उतरतात. हांक मारल्यास तीं येणार, हें गृहीत धरूनच आमचा तरुण निघालेला असतो. गृहीत धरल्याचें त्याला कळत नाहीं, इतकेंच. जीव त्याचा, हें खरें. जोखीम त्याच्या एकट्याची, हें मात्र खरें नव्हे.

म्हणून शिदोरीची यादी ही भित्रेपणाची खूण, असें आम्हांस वाटत नाहीं. मेणकापडांत गुंडाळलेली काडेपेटी, विजेरी, दोर, एका वेळचे जादा तांदूळ, परतीची वेळ घरीं सांगून ठेवणें : यांतील प्रत्येक गोष्ट म्हणजे कोणाचा तरी वांचविलेला हेलपाटा. यानें साहस मरतें म्हणणाऱ्यांनीं एकदां श्रावणांत यादीबरहुकूम जाऊन पाहावें. यादीबाहेर पुष्कळ उरतें. (वळणावळणावर हातांतील यंत्रांतच वाट पाहत चालणाऱ्यांविषयीं आमचें मत फारसें चांगलें नाहीं, पण तो रुचीचा प्रश्न.)

एक गोष्ट मात्र यादींत क्वचितच येते. लोणावळ्यापासून राजमाची सुमारें पंधरा किलोमीटर. श्रीवर्धन व मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशीं उधेवाडी वसलेली आहे. म्हणजे ज्याला आपण रान म्हणतों तें कोणाचें तरी आंगण आहे. तळ्यांचेंही तेंच. ॲल्गॉन्क्विनचीं बहुतेक तळीं हिमयुगानें कोरलीं. मावळचीं माणसानें बांधलीं. वळवण व शिरवता येथील पाणी विजेसाठीं खोपोलीस उतरतें. शेजारच्या मुळशींत अशाच धरणाविरुद्ध १९२१ पासून १९२४ पर्यंत सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला, धरण झालेंच. पवनेचें धरण त्यानंतर कित्येक वर्षांनीं झालें. तुंग व तिकोना यांच्या पायथ्याशीं पसरलेल्या त्या पाण्याकांठीं आज भाड्याच्या तंबूंच्या ओळी लागतात. तंबूच्या दारांत पाय पसरून जो एकांताचें सुख घेतो, त्याच्या समोरच्या पाण्याखालीं एके काळीं नांगरलेलीं शेतें आहेत.

तेव्हां तेथें कोणी जाऊंच नये काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. पण जाणारा हा पाहुणा आहे, आणि पाहुण्यानें घरधन्यास विचारावयाचें असतें. मृगाच्या सुमारास काजवे पाहण्यासाठीं राजमाचीच्या वाटेवर इतक्या गाड्या लोटतात कीं त्यांच्या दिव्यांपुढें काजवेच फिके पडतात. हें ध्यानांत घेतां कॅनडांतील परवान्याचें हंसूं येत नाहीं. मात्र असा परवाना आमच्याकडे निघालाच, तर तो शहरांतील कचेरीनें परस्पर देऊं नये. एका रात्रीं किती माणसें यावींत, चूल कोठें पेटवावी, कोणती वाट कधीं बंद ठेवावी, हें ठरविण्याचा पहिला अधिकार आमच्या मतें उधेवाडीचा; सरकारी खात्यानें तो निर्णय अमलांत आणावा. आणि जागा भरली असें वाडीनें कळविलें, तर आमच्या तरुणानें लोणावळ्याच्या स्टेशनावरूनच परतीची गाडी धरावी.