नव्या लाद्यांच्या खाली



नाताळ जवळ आला की आपल्याकडे रंगकाम निघते, लाद्या बदलतात. आमच्या घरीही यंदा बाहेरच्या खोलीतली जुनी शहाबादी काढून टाइल्स बसवायचे ठरले. पण मिस्त्रींनी खोके उघडूच दिले नाहीत. पारदर्शक नळीत पाणी भरून दोघे दोन कोपऱ्यांत उभे राहिले. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप खोटे येते, म्हणून आधी तो काढला. मग पाण्याच्या रेघेवरून खाली मोजले, तर दाराकडे उंचवटा आणि नेमका आल्ताराखालचा कोपरा खचलेला! रोज रोझरीला तिथेच गुडघे टेकत होतो, पण कधी ध्यानात आले नाही.

उंचवटा छिन्नीने फोडला. तेलकट थर खरवडला, कारण धूळ-तेल राहिले तर नवा माल जुन्याला धरत नाही. मग खोलगट भाग भरून पाणी मारत ठेवला. आम्हाला घाई. "तिथे टाइलखाली जास्त माल टाका की!" मिस्त्री म्हणाले, "आज दिसणार नाही. पण खाली पोकळी राहिली की टाइल वाजते, आणि जड कपाट ठेवाल त्या दिवशी फुटते."

'क' वर्षात आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी आपण लूकच्या 3 ऱ्या अध्यायातून योहान बाप्तिस्ताची हाक ऐकतो. दऱ्या भरायच्या, डोंगर उतरवायचे, हे यशयाचेच (अध्याय 40) बोलणे. 'आम्ही काय करावे?' असे लोकांनी विचारले, तेव्हा योहानाने मोठे व्रत सांगितले नाही. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्याहून जास्त घेऊ नये, शिपायाने कुणाला लुबाडू नये. छिन्नी कुठे मारायची ते ज्याला त्याला नेमके दाखवले.

आता आमचेच सांगतो. वाडीच्या बांधावरून चुलत भावाशी आमचे चार वर्षे बोलणे नाही. दर नाताळला गोठा सजवतो, पापनिवेदनात 'राग धरला' एवढे पुटपुटून पुढे सरकतो. आपल्यापैकी कितीजणांचे असेच चालले असेल! बांध कुणाचा ते मोजणीत कळेलच. पण नळीतला बुडबुडा आमच्या टोकाला आहे की त्याच्या, हे चार वर्षांत आम्ही पाहिलेले नाही.

माल अजून ओला आहे, खोके पडवीत आहेत. भावाचे घर हाकेच्या अंतरावर. शनिवारी पापनिवेदनाला जाण्याआधी आम्ही तिकडे जाणार आहोत.