हवेचा जमाखर्च

गेल्या उन्हाळ्यात मुलाने सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडला आणि पंखे बसवायचं काम माझ्याकडे दिलं. बाप बी.कॉम. असला तरी त्याला स्क्रू पिळता येत असेल, एवढा विश्वास मुलं दाखवतात हेच पुष्कळ! १२० मिलिमीटरचे ३ पंखे होते. तिन्ही मी हवा आत घेतील असेच बसवले. आम्हा बँकवाल्यांचा ठेवींकडे ओढा जरा जास्तच. मुलाने खेळ सुरू केला, तसा प्रोसेसर तापत तापत शंभर अंशांच्या घरात गेला आणि त्याने आपला वेग आपणच कमी केला. मार्चअखेरीला आमच्या काउंटरवर हेच होतं, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

"बाबा, आलेली हवा जाणार कुठून?"

डबल एन्ट्रीचा प्रश्न, आणि तो मला पोराने विचारावा! निमूटपणे पुन्हा स्क्रू काढले. पंख्याच्या ज्या अंगाला मोटार धरणाऱ्या दांड्या दिसतात, त्या अंगाने वारा बाहेर पडतो. म्हणून २ पंखे पुढे, आत ओढायला; १ मागे वरच्या बाजूला, बाहेर टाकायला. म्हणजे झोत ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर या दोन्ही तापट मंडळींना भेटून मगच बाहेर पडतो. घेणारे टाकणाऱ्यापेक्षा थोडे वरचढ असलेले बरे. मग हवा पुढच्या जाळीतून येते आणि धूळ तिथेच अडकते. उलट झालं, की पेटी मिळेल त्या फटीतून ओढत सुटते, आणि फटीला जाळी नसते. (लाचेचंही तसंच आहे, पण ते जाऊ द्या.)

हे सगळं जमल्यावर एक गोष्ट ध्यानात आली आणि ती बोचली. पंखा गारवा निर्माण करीतच नाही. खोलीत ३८ अंश असतील, तर पेटी त्याखाली उतरत नाही. तो फक्त आतल्याची धग उचलून बाहेरच्याच्या अंगावर टाकतो.

बाहेर, बरोबर मागच्या पंख्यासमोर, आईची जपाची खुर्ची.

"काय रे, शेगडी ठेवलीस की काय इथे?"

वाचकहो, त्याच आठवड्यात मी सोसायटीकडे अर्ज दिला होता. शेजाऱ्यांच्या एसीचं बाहेरचं यंत्र आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर गरम हवा सोडतं, सबब योग्य ती कारवाई व्हावी. दोन प्रतींत. शेजारी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "मग सोडू कुठे, तेवढं सांगा." मी घड्याळ बघून सटकलो होतो.

आता मी पेटी फिरवू लागलो. डावीकडे वळवली, तर झोत शिवणयंत्रावर बसलेल्या सौभाग्यवतींवर. कपाटाला टेकवली, तर गरम हवा तिथून परतून पुढच्या पंख्यांनी पुन्हा आत! खिडकीकडे केली, तर समोर कोण? तेच शेजारी. हिने विचारलं, "अर्ज मागे घेताय का?" मी म्हटलं, बघतो. अजून बघतोच आहे.

पेटी शेवटी जुन्या जागी गेली आणि आईची खुर्ची दोन हात सरकली. सरकवली तिनेच; मी नुसता उभा होतो.

जानेवारीत पुण्यात कडाक्याची थंडी पडली. एका सकाळी पाहतो तो खुर्ची पुन्हा जुन्या जागी.

"तो तुझा डबा लाव रे जरा," आई म्हणाली, "गुडघे धरलेत."