तौबेनंतरचे जड दिवस

हजरत हंजला (र.) हे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या लेखनिकांपैकी एक होते. एके दिवशी हजरत अबू बकर (र.) यांनी त्यांची खुशाली विचारली, तेव्हा ते उद्गारले की हंजला तर मुनाफिक झाला! प्रेषितांच्या सहवासात असताना जन्नत आणि जहन्नम जणू डोळ्यांसमोर दिसतात. घरी येऊन बायकामुले व व्यवहार यांत गुंतलो की त्यातले पुष्कळसे विसरून जाते, हे त्यांचे दुःख होते. अबू बकर (र.) यांनीही कबूल केले की माझीही हीच अवस्था होते. दोघे प्रेषितांकडे गेले. त्यांना उत्तर मिळाले की ती अवस्था कायम टिकली असती तर फरिश्त्यांनी तुमच्या अंथरुणावर आणि तुमच्या वाटांवर येऊन तुमच्याशी हात मिळवला असता. पण मनुष्याची एक घडी अशी असते आणि एक घडी तशी. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे, आणि हे शेवटचे वाक्य प्रेषितांनी तीन वेळा उच्चारल्याचे तीत नमूद आहे.

ज्या बांधवाने नुकतीच दारू, चरस किंवा नशेच्या गोळ्या सोडल्या आहेत, त्याने ही हदीस जवळ बाळगावी. आपल्या मोहल्ल्यांमध्ये असे बांधव आहेत. आपण त्यांच्याविषयी बोलत नाही, इतकेच. पुष्कळ जण रमजानच्या चंद्रदर्शनाबरोबर निश्चय करतात. तरावीहच्या रांगेत उभे राहताना डोळे भरून येतात, छातीवरचा भार उतरल्यासारखा वाटतो. दोन-तीन आठवडे सारे सोपे भासते. मग ईद होते, मशिदीतील गर्दी ओसरते आणि एखाद्या सकाळी मन रिकामे होऊन जाते. झोप लागत नाही. मुलाने पेला सांडला तरी संताप येतो आणि तासाभराने त्याच संतापाची लाज वाटून रडू कोसळते. नमाजमध्ये गोडी उरत नाही. तेव्हा तो स्वतःशी म्हणतो, माझी तौबा कबूल झालेली नाही.

माझ्या मते नशेच्या ओढीपेक्षाही हा निष्कर्ष अधिक घातक आहे. कारण तौबाच फुकट गेली असे एकदा ठरले की गुत्त्याकडे पाय वळायला फार वेळ लागत नाही.

उलमांनी तौबेच्या अटी सांगितल्या आहेत. पाप तत्काळ सोडणे, केल्याचा पश्चात्ताप होणे, पुन्हा न करण्याचा दृढ निश्चय, आणि कोणाचा हक्क बुडविला असल्यास तो परत करणे. या अटींत मन प्रसन्न राहण्याची अट कोठे आहे? उदास मनाने, चिडचिड गिळून, कोरड्या ओठांनी जो आजचा दिवस नशेवाचून काढतो, त्याने पहिली अट आज पुन्हा पाळली आहे. उदासी म्हणजे ईमानाची कमतरता असेही नव्हे. हजरत याकूब (अ.) यांचे नेत्र दुःखाने पांढरे पडल्याचे सूरह यूसुफमध्ये आले आहे, आणि ते अल्लाहचे प्रेषित होते. स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) चिंता, दुःख, असमर्थता आणि आळस यांपासून अल्लाहचा आश्रय मागत, आणि ही दुआ ते पुष्कळदा करीत, असे हजरत अनस (र.) यांचे निवेदन आहे.

येथे एका हदीसचा उल्लेख करणे भाग आहे, कारण ती अर्धवट सांगितली जाते. मद्य पिणाऱ्याची नमाज चाळीस दिवस कबूल होत नाही, एवढे घरोघरी ठाऊक असते. मग नमाज पढून उपयोग काय, असे त्या बिचाऱ्याला वाटते. परंतु त्याच हदीसमध्ये पुढे आहे की त्याने तौबा केली तर अल्लाह त्याची तौबा स्वीकारतो. शिवाय नमाजचे कर्तव्य कोणत्याही स्थितीत माफ झालेले नाही, असे उलमा स्पष्ट सांगतात.

शरीराचाही विचार केला पाहिजे. अनेक वर्षे नशेतून मिळणाऱ्या कृत्रिम सुखाला आणि सुस्तीला सरावलेला मेंदू पूर्ववत होण्यास काही आठवडे, कधी कित्येक महिने घेतो. मनाचे हे चढउतार बऱ्याच अंशी त्या दुरुस्तीचेच असतात. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने किंवा झोपेच्या गोळ्यांच्या आहारी गेलेल्याने तर एकाएकी सर्व बंद करणे जिवावर बेतू शकते. झटके येतात, भ्रम होतो. म्हणून पहिले पाऊल डॉक्टरांच्या देखरेखीखाली टाकावे. औषधोपचार करा, अल्लाहने रोगाबरोबर उपायही निर्माण केला आहे, ही प्रेषितांची शिकवण आहे. तेव्हा उपचार घेणे तवक्कुलविरुद्ध ठरत नाही. मदीनेतही मद्यबंदी एका दिवसात आली नाही. प्रथम मद्याचे पाप त्याच्या लाभाहून मोठे असल्याचे सांगितले गेले, नंतर नशेत नमाजजवळ जाण्यास मनाई झाली, आणि शेवटी सूरह माइदाच्या आयतींनी ते पूर्ण निषिद्ध ठरले. आज तो आदेश पूर्ण आहे, त्यात टप्प्यांची सवलत नाही. परंतु माणसे कशी घडतात हे त्या क्रमातून दिसते.

जड दिवशी मोठे संकल्प करू नयेत. अल्लाहला तेच आचरण अधिक प्रिय आहे जे थोडे असले तरी नित्याचे असते. पाच वेळच्या नमाजा, दोन वेळचे जेवण, इशानंतर अंथरूण, एवढेही त्या दिवशी पुरेसे आहे. राग आला आणि उभे असाल तर बसा, तरीही न शमला तर आडवे व्हा, हा प्रेषितांचा उपदेश अगदी शब्दशः अमलात आणावा. जुनी संगत मात्र सोडलीच पाहिजे. शंभर खून करून तौबेला निघालेल्या माणसाची हदीस प्रसिद्ध आहे. त्याला आलिमने आपली वाईट वस्ती सोडून सज्जनांच्या वस्तीकडे जाण्यास सांगितले होते. वाटेतच त्याला मृत्यू आला, आणि रहमतीच्या फरिश्त्यांनी त्याला स्वीकारले.

आता घरच्यांसाठी. प्रेषितांच्या काळी एका व्यक्तीला मद्यपानाबद्दल वारंवार शिक्षा होत असे. एकदा कोणीतरी त्याला शाप दिला. प्रेषितांनी तत्काळ रोखले आणि सांगितले की हा अल्लाहवर आणि त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो. अशाच दुसऱ्या प्रसंगी त्यांनी ताकीद दिली की आपल्या भावाविरुद्ध शैतानाला साहाय्य करू नका. शिक्षा माफ झाली नव्हती, हे ध्यानात घ्यावे. मनाई केली ती शापाला.

ज्या पत्नीने वर्षानुवर्षे मार आणि उपासमार सोसली, तिने चाळिसाव्या दिवशी सारे विसरावे अशी अपेक्षा करणे अन्याय आहे. पगार तिने आपल्या हाती ठेवावा, रात्री उशीर झाल्यास विचारणा करावी. पण रोज दारातच तोंडाचा वास घेणे, मुलांसमोर जुने प्रसंग उकरणे, उदास बसलेला दिसला की "पुन्हा प्यायला वाटतं" असा टोमणा मारणे, हे अम्मी-अब्बांनी आणि भावांनीही टाळावे. तो चिडला असताना वाद रात्रीपुरता थांबवावा. घसरलाच, तर पुन्हा तौबेचे दार आणि डॉक्टरांचे दार, दोन्ही त्याला त्याच दिवशी दाखवावे. घरात कोणाशी बोलता येत नसेल तर केंद्र शासनाची १४४४६ ही निःशुल्क व्यसनमुक्ती मदतवाहिनी आहे; तेथे व्यसन करणाऱ्याइतकेच त्याच्या कुटुंबीयांनाही मार्गदर्शन मिळते.