आजचं चिंतन : माघार की स्वधर्म? (गीता ३.३५)



आज तिसऱ्या अध्यायातला पस्तिसावा श्लोक वाचला. आपलं काम उणं वाटलं तरी दुसऱ्याच्या चांगल्या कामामागे धावू नये, असा त्याचा भाव. वाचायला सोपं आहे हो! पण स्वधर्म कोणता आणि माघार कोणती, हे ओळखायचं कसं? एखादी गोष्ट जमली नाही की आपणही पटकन म्हणतो, "तो माझा मार्गच नव्हता." कोल्ह्याला द्राक्षं आंबट, तसंच हे.

यावर विचार करताना हार्वी पेनिक आठवले. जन्म १९०४, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं ऑस्टिन. आठव्या वर्षी ऑस्टिन कंट्री क्लबमध्ये कॅडी झाले, म्हणजे गोल्फ खेळणाऱ्यांची पिशवी वाहणारा पोरगा. १९२३ मध्ये तिथलेच मुख्य प्रो झाले. सभासदांना शिकवायचं आणि जमेल तेव्हा स्पर्धा खेळायच्या. मोठा खेळाडू व्हायची इच्छा होतीच.

मग १९३० च्या दशकात ह्यूस्टनच्या स्पर्धेत त्यांनी सॅम स्नीडचा एक फटका पाहिला. बंदुकीतून गोळी सुटावी तसा आवाज! त्याच क्षणी त्यांना कळलं की हे आपल्याच्यानं होणार नाही. त्यांनी शिकवण्यातच जीव ओतायचं ठरवलं.

आता ही हार नाही का? अर्जुनही रण सोडायला निघाला होता, त्याला तर भगवंतांनी अडवलं. मग पेनिकचं बरोबर कसं? मला वाटतं, फरक सोडण्यात नाही, पुढे काय धरलं त्यात आहे. अर्जुन समोरचं कर्तव्य टाकून दुःखापासून पळत होता. पेनिक मात्र हाती असलेल्या कामाकडेच परत वळले.

आणि मत्सर उरला का, ही खरी कसोटी. जे आपल्याला मिळालं नाही ते दुसऱ्याला मिळवून देताना हात आखडतो का? पेनिकचा आखडला नाही. टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ ही दोन्ही पोरं त्यांच्याच हाताखाली तयार झाली. एकाला शिकवताना दुसऱ्याला ते ऐकू देत नसत, कारण एकाला लागू पडणारं औषध दुसऱ्याला अपाय करील. बघा, स्वधर्म ज्याचा त्याचा वेगळा, हे या माणसानं गोल्फच्या मैदानावर जाणलं होतं.

शिकवताना सुचलेलं ते एका लाल वहीत टिपून ठेवत. कित्येक दशकं ती वही मुलाखेरीज कुणाला दाखवली नाही. १९९२ मध्ये तिचं पुस्तक झालं. प्रकाशक ९०,००० डॉलर आगाऊ देणार असं कळल्यावर पेनिकना वाटलं, एवढे पैसे आपल्यालाच भरायचे आहेत! रात्रभर विचार करून म्हणाले, मला परवडणार नाही. आयुष्यभर दिलेल्या विद्येचं मोल आपल्याला मिळेल, हे मनातही आलं नाही. फळाची आसक्ती नसणं म्हणजे आणखी काय असतं?

२ एप्रिल १९९५ रोजी ते गेले. मास्टर्स स्पर्धेच्या आदल्याच दिवशी क्रेनशॉनं ऑस्टिनला येऊन गुरूला खांदा दिला आणि पुढच्या रविवारी ती स्पर्धा जिंकली. शेवटचा चेंडू आत गेल्यावर तो वाकून, तोंड झाकून रडला.

मंडळी, आपल्या प्रत्येकाच्या आयुष्यात एक स्नीड येतोच. त्या आवाजानं खचून जायचं की आपली जागा ओळखायची, हे आपल्या हाती आहे. आज झोपण्यापूर्वी एवढंच स्वतःला विचारूया : मी जे सोडलं, ते दुसऱ्याच्या हाती बघून मला आनंद होतो का? होत असेल, तर ती माघार नव्हती. होत नसेल, तर अजून नाम घ्यायचं बाकी आहे. माझंही बाकीच आहे.

जय हरी.